कवळीवाल्याची अवजारं

माणसाचं दिवाळं निघालं की नातेवाइकांना कंठ फुटतो. कवळीवाल्याच्या घरी इतके सल्लागार जमले, की बसायला सतरंजी पुरेना. हा माणूस जन्मभर लोकांसाठी दातांच्या कवळ्या बनवत आला आणि कुणाला नाही म्हणायला कधी शिकला नाही. एका दातांच्या डॉक्टरच्या कर्जाला जामीन राहिला, डॉक्टर दवाखान्याला कुलूप लावून पसार झाला, आणि बँकेने याची मान धरली. शेवटी त्याने कोर्टात दिवाळखोरीचा अर्ज केला.

त्याच्या बायकोला या गर्दीचा वीट आला होता. एरवी ढुंकूनही न बघणारी माणसं आता तिच्या कपाटाकडे, पंख्याकडे बघून हळहळत होती, वर चहा ढोसत होती. "जप्तीवाले चमचासुद्धा ठेवत नाहीत," असं एकमेकांना चवीने सांगत होती. कोर्टात जाऊन एकाने तरी विचारून यावं? नाव नको.

तिला काळजी एकाच गोष्टीची होती. मागच्या खोलीतलं कामाचं टेबल, पॉलिशची मोटर, जबड्यासारखी उघडमीट करणारी पितळी चौकट आणि मेण कापायच्या सुऱ्या. सुऱ्यांच्या मुठी नवऱ्याने आपल्या बोटांच्या मापाने घासून घेतल्या होत्या. कवळीतला एखादा दात तो मुद्दाम किंचित तिरका बसवायचा, म्हणजे ती कवळी आहे हे कुणाला कळू नये. ही अवजारं गेली तर त्याला दुसरं काहीच येत नव्हतं.

म्हणून तिनेच दादाला, आपल्या थोरल्या भावाला, बोलावलं.

"तू काळजीच करू नकोस," दादा म्हणाला. "सगळं माझ्याकडे हलवू. प्रकरण निवळलं की घेऊन जा."

"वकिलाला एकदा विचारू या का?" नवरा पुटपुटला.

"वकील काय फुकट बोलतो, जावईबापू? घरचं माणूस असताना?"

दुपारी टेम्पो आला. अवजारं गेली, त्यांच्यासोबत चांगली गादी आणि मिक्सरही गेला. "जागा होती, म्हणून घेतलं," दादा म्हणाला. तिला तेव्हाच शिसारी यायला हवी होती. उलट तिचे डोळे भरून आले, भाऊ असावा तर असा, असं ती शेजारणीला सांगून आली.

मग कोर्टाकडून अधिकारी बाई आल्या. त्यांनी दोन्ही खोल्या पाहिल्या आणि सरळ सांगितलं, "स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, अंगावरचे कपडे तुमच्याकडेच राहतील. तुमच्या धंद्याची अवजारंसुद्धा. त्यांना कुणी हात लावू शकत नाही. कुठे आहेत?"

तिला आनंदाने हसूच फुटलं, आणि लगेच ते विरून गेलं. मागच्या खोलीत प्लास्टरची पांढरी भुकटी आणि त्यात टेबलाच्या पायांच्या खुणा, एवढंच होतं.

नवऱ्याला खोटं बोलता येत नाही. त्याने सगळं सांगून टाकलं. बाईंनी कपाळाला हात लावला.

"अहो, इथे असती तर तुमचीच होती! जप्ती चुकवायला लपवलेल्या वस्तूला ही सूट मिळत नाही. आता ती लिलावात जाणार."

कोर्टाच्या माणसांनी दादाच्या घरून अवजारं उचलली, तेव्हा तो साळसूदपणे म्हणाला, "मला काय माहीत? त्यांनीच आणून टाकली." गादी आणि मिक्सर मात्र बाहेर आलेच नाहीत. लिलावात एका माणसाच्या हाताला बसणाऱ्या जुन्या सुऱ्या कोण घेणार? बोली लावणारा एकच निघाला, दादा. सगळं त्याला मातीमोलाने मिळालं.

संध्याकाळी तो बहिणीकडे आला आणि घरातल्या एकुलत्या एका खुर्चीत पाय पसरून बसला.

"घरची वस्तू घरातच राहिली," तो म्हणाला. "माझ्या गाळ्यात टेबल मांडलंय. जावईबापू, उद्यापासून या. रोजंदारी देईन. कवळ्यांच्या ऑर्डरचं डॉक्टरांशी मी बोलेन, तुम्हाला व्यवहार जमत नाहीच." मग दातात अडकलेलं काहीतरी नखाने काढून त्याने खुर्चीच्या हाताला पुसलं.

तिला भावाची किळस आली. आता नवरा उठेल, निदान नको तरी म्हणेल, म्हणून ती त्याच्याकडे बघत राहिली. तो आपल्या रिकाम्या बोटांकडे बघत होता.

"किती वाजता येऊ?" त्याने विचारलं.

भावाची किळस तिला आधीच आली होती, आता नवऱ्याचीही आली. आणि मग स्वतःची, कारण दादाने "आठला" म्हणताच, डबा किती वाजता भरायचा याचा विचार तिच्या मनात सुरू झाला होता.