सूर्य मालवणहून मुलुंडला येतो

मुलुंडच्या एका मराठी शाळेत सुगंधा गावडे एकतीस वर्षं प्रयोगशाळा परिचर होत्या. म्हणजे परीक्षानळ्या धुवायच्या, आम्लाच्या बाटल्या कुलपात ठेवायच्या, आणि कुठलं कपाट गुद्दा घातल्याशिवाय उघडत नाही ते नव्या शिक्षकांना दाखवायचं. पोरं त्यांना मावशी म्हणत. अशा मावशींच्या नावाने खगोलशिक्षणाच्या परिषदेचं निमंत्रण आलं, तेव्हा शाळेच्या ऑफिसला वाटलं, पत्ता चुकला असेल.

पत्ता बरोबर होता. विज्ञानाच्या केयूर सरांनी मावशींच्या वहीबद्दल परिषदेला लिहून पाठवलं होतं. घाटकोपरच्या एका कॉलेजात एप्रिलमध्ये दोन दिवस शिक्षक, दुर्बीणवाले आणि हौशी मंडळी जमणार होती. त्यात मावशींना दहा मिनिटं मिळाली होती.

वही होती सावलीची. आपल्याकडे वर्षातून दोनदा भरदुपारी सूर्य बरोब्बर डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली तिच्या पायाखाली गडप होते. मुंबईत हे एकदा मेच्या मध्यावर घडतं आणि एकदा जुलैच्या शेवटी. जुलैत आभाळ भरलेलं, आणि मेमध्ये शाळेला सुट्टी. सूर्याने मुंबईच्या शाळांशी उभा दावा मांडलाय, असं मावशींचं ठाम मत होतं.

म्हणून चौदा वर्षांपूर्वी त्यांनी एक युक्ती केली. सुट्टी लागताना पोरांना सांगितलं, गावाला जाल तिथे सोळा मेला साडेबारा-पाऊणच्या सुमारास अंगणात मुसळ उभं करा, सावली नाहीशी होते की नाही बघा. निम्मा वर्ग चाकरमान्यांचा. पोरं कोकणात गेली, भर उन्हात मुसळं धरून उभी राहिली, आणि सावली होती तिथेच होती, चांगली दोन बोटं. जूनमध्ये सगळ्यांनी मावशींना धरलं. तुम्ही आम्हाला फसवलंत, पोरं म्हणाली.

त्यात सातवीतली प्रांजल होती, मालवणजवळच्या गावची. ती म्हणाली, "मावशी, सावली गेली होती. पण पाच तारखेलाच. मी रोज बघत होते ना."

मावशींनी भिंतीवरचा नकाशा उतरवला आणि जमिनीवर पसरला. मेमध्ये सूर्य रोज थोडाथोडा उत्तरेला सरकतो हे त्यांनी पुस्तकात शंभरदा वाचलं होतं. मालवणला तो आधी डोक्यावर येणार, मुलुंडला नंतर. स्वतःचं माहेर मालवणचं, दर मेमध्ये तिकडे जाणं, आणि तरी या बाईंनी मालवणला मुलुंडची तारीख लावली होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच.

पुढच्या वर्षीपासून तारीख सांगणं बंद झालं. ज्याने त्याने आपापल्या गावची शोधून आणायची. वहीत नोंदी पडत गेल्या. मालवण पाच, राजापूर सात, चिपळूण दहा, महाड बारा, मुलुंड सोळा. सूर्यही चाकरमान्यासारखा गाव करून मुंबईला परततो आणि वाटेत अकरा दिवस लावतो, असं मावशी पोरांना सांगत. पहिल्या पानावर मात्र त्यांनी स्वतःची चूक लिहून ठेवली होती, तारखेसकट.

आता मेअखेर त्या निवृत्त होणार होत्या. केयूर सरही जूनपासून पुण्याला निघाले होते. वही कपाटात पडली की तिथेच पडून राहणार, हे मावशींना स्वच्छ दिसत होतं, आणि ते त्यांना फार लागत होतं. परिषदेत एक तरी माणूस ती पुढे नेणारा भेटावा, एवढ्याचसाठी त्या घाटकोपरला आल्या होत्या.

केयूर सरांनी प्रेमाने सुचवलं होतं की पहिलं पान नको दाखवायला. मोठमोठी माणसं असतात, झाकली मूठ सव्वा लाखाची. मावशींनी मान डोलावली होती. पण माईकसमोर उभं राहून तारखा वाचायला लागल्यावर त्यांना कळलं की चुकीशिवाय या नुसत्याच तारखा आहेत. त्या थांबल्या. केयूर सरांकडे न बघता त्यांनी मुसळांची गोष्ट पहिल्यापासून सांगितली. सभागृह पोट धरून हसलं आणि मग कान देऊन ऐकू लागलं.

प्रश्न विचारायला एक तरुण शिक्षिका उठली. नाव अस्मिता, गोवंडीच्या एका शाळेत शिकवायची. तिची बरीचशी मुलं सुट्टीत आझमगडकडे जातात, त्यांना काय सांगू, असं तिने विचारलं.

मावशी क्षणाचाही विचार न करता म्हणाल्या की तेच सांगायचं. आपापली तारीख शोधू दे. मालवणला पाच, मुलुंडला सोळा, तर तिकडे जूनमध्ये कधीतरी येईल.

पुढच्या रांगेत कोणीतरी खाकरलं. केयूर सरांनी खाली बघितलं.

"मावशी," अस्मिता हळूच म्हणाली, "आझमगड कर्कवृत्ताच्या वर आहे. तिथे सूर्य डोक्यावर येतच नाही. कधीच."

मावशींचे कान तापले. दोनशे माणसांसमोर तोंडघशी पडल्या होत्या. मग त्यांना हसू आलं, आणि ते आवरेना.

"म्हणजे मी परत तेच केलं," त्या म्हणाल्या. "तेव्हा मुलुंडचं मालवणला लावलं, आता मालवणचं आझमगडला. पण सावली लहान तर होत जाईल ना तिकडे?"

होईल, अस्मिता म्हणाली. मग ती रोज दोरीने मोजायची, मावशी म्हणाल्या, आणि त्याच दिवशीची मालवणची शेजारी लिहायची. वेळ संपल्याची घंटा वाजली तरी त्या दोघी बोलतच राहिल्या.

चहाच्या टेबलाशी अस्मिता वही चाळत होती. चाळता चाळता ती म्हणाली, "तुमच्या वहीत सावलीची सगळी शून्यंच आहेत, मावशी. माझ्या मुलांचं शून्य कधीच येणार नाही. चालेल?"

"व्हयाच माका," हवंच आहे मला, असं मावशी म्हणाल्या. आनंदात त्यांच्या तोंडी मालवणी यायची.

त्यांनी वही मागून घेतली. पहिल्या पानावर जुन्या चुकीखाली आजची चूक लिहिली, तारीख घातली, आणि वही परत अस्मिताच्या हातात ठेवली. ती पिशवीत घालण्याआधी अस्मिताने पुन्हा पहिलं पान उघडलं आणि खाली अजून किती जागा उरली आहे ते बघितलं.