पेटीत वीज नव्हती

माझ्या एका बातमीमुळे एका कंत्राटी केबल कामगाराची नोकरी गेली. त्या बातमीतली प्रत्येक गोष्ट मी डोळ्यांनी पाहिली होती.

दोन हजारच्या दशकाच्या अखेरीस वर्ध्याजवळच्या सावंगीत, आमच्या लेआउटच्या वसाहतीत फायबरचे इंटरनेट आले. काही महिन्यांत ते सगळ्या घरांत एकदमच बंद पडले. तिसऱ्या दिवशी कामगाराने खांबावरची पेटी उघडली. आत केसाएवढे बारीक धागे होते. विजेची तार नव्हती, दिवा नव्हता.

"याले करंट लागत नाई, साहेब," तो म्हणाला. "आतमंदी काच हाय. एका तारेतून उजेड येते अन् इथून घरोघरी वाटल्या जाते. लाइन मांगं कुठीतरी दबली हाय."

शेजारचे निवृत्त गुरुजी म्हणाले, "काऊन बाप्पा, बिना करंटचा उजेड? मंग आमच्या घरीबी वाट ना. भारनियमन तरी सुटन!"

सगळे हसले. मीही हसलो आणि लिहून घेतले.

'पेटीला वीजजोडणीच नाही. रहिवासी त्रस्त' असा मथळा आला. खाली वाक्य होते: 'वीज लागतच नाही, असे अजब उत्तर कर्मचाऱ्याने दिले.' इंटरनेट कंपनीच्या अभियंत्याला विचारायला वेळ होता. मी विचारले नाही. बातमी आली त्याच दिवशी ठेकेदाराने कामगाराला कामावरून काढले.

दुसऱ्या दिवशी बिघाड सापडला. रस्त्याकडेला पाण्याच्या पाइपासाठी खोदताना केबल दगडाखाली चेपली होती. मग मी अभियंत्याला फोन केला. त्याने सांगितले: टेलिफोन एक्स्चेंजमधून एकच धागा निघतो, पेटीतली काच त्यातला प्रकाश अनेक घरांत विभागते, घरातले यंत्र आपल्यापुरती माहिती उचलते. वीज फक्त दोन टोकांना लागते, मध्ये कुठेही नाही.

कामगार कात्रण घेऊन कार्यालयात आला.

"अजब म्हंजे खोटं का, साहेब?"

"नाही. तुम्ही खरंच सांगितलं होतं."

"मंग तसं छापा. ठेकेदारले दाखवतो."

चार ओळींचा खुलासा आतल्या पानावर छापून आला. तो घेऊन आम्ही दोघे ठेकेदाराकडे गेलो. त्याने वाचून अंक परत दिला.

"बातमी तं सगळ्यायनं वाचली जी. हे कोण वाचते?"

बाहेर आल्यावर मी विचारले, वर्ध्याच्या दुसऱ्या ठेकेदाराकडे शब्द टाकू का?

"त्यायनंबी वाचली हाय," तो म्हणाला.