गंमत की राग

सुलूकाकू पागनीसांना कोणी चांगलं म्हटलं की मला हसू येतं आणि वाईट म्हटलं की माझं भांडण होतं. दोन्ही हक्क माझे आहेत. इकडे हिंदी मुलखात, नानाखेड्याच्या आमच्या कॉलनीत त्यांची आणि आमची भिंत एक, आणि माझ्या सासऱ्यांना, अण्णांना, त्यांनीच पकडून दिलं. आज काकूंना नेऊन तेरा दिवस झाले. मला न्यायची पाळी येईल तेव्हा येईल, तोवर लिहून ठेवते.

बाई ठेंगणी, आवाज खणखणीत, गुडघे कामातून गेलेले. कोणी पागनीस हे आडनाव चुकीचं उच्चारलं की त्याला शिंद्यांच्या पागेपासून सगळा इतिहास ऐकवायच्या. घरात आता घोडा सोडा, सायकलही नाही. त्यांचे यजमान विनायककाका बँकेतून निवृत्त, कानांनी अधू आणि म्हणून सुखी. एकुलता एक अमोल भोपाळला नोकरीच्या मागे लागलेला. काकूंचं सगळं पाणी तिथेच मुरलं.

कारण चार वर्षांपूर्वी व्यवस्था आली. आम्ही तिला नुसतं व्यवस्थाच म्हणतो. तिला मोर्चा चालत नाही, भांडण चालत नाही, चहा पिताना केलेली कुरकुरही चालत नाही. सौम्यता खात्याच्या दाखल्याशिवाय नोकरी मिळत नाही. घरात जो चिडून बोलेल त्याला विश्राम केंद्रात नेतात आणि चाळीस दिवसांनी घरी सोडतात. माणूस धडधाकट परत येतो, फक्त त्याला कशाचाच राग येत नाही. तिथे काय करतात ते परत आलेला सांगत नाही. त्याला ते सांगावंसंच वाटत नाही.

गेल्या वर्षी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला काकूंनी वाण म्हणून स्टीलचे करंडे लुटले. एक्केचाळीस करंडे, झाकणावर मोर. आयुष्यभर प्लॅस्टिकचे चमचे वाटणाऱ्या बाईला एकाएकी दानत कुठून आली, असं मी घरी परतताना बोललेसुद्धा. ते वाक्य खात्याकडे असणार, कारण करंडा माझ्या हातात होता आणि मोराच्या पोटात कान होता.

ऐकायला यंत्र होतं, पण ते आमच्या कॉलनीपुढे हरलं. आमची माणसं मराठीत सुरू होतात, हिंदीत भडकतात आणि परत मराठीत येऊन हसतात. कोण खरं चिडलंय आणि कोण मजा करतंय, यंत्राला कळेना. म्हणून मंगळवारी आणि शुक्रवारी काकू शहरातल्याच देवास गेटला जायच्या. आम्हाला सांगायच्या, गुडघ्यांना शेक घ्यायला जाते. तिथे एका दुकानाच्या वरच्या खोलीत कानाला यंत्र लावून बसायच्या. आमचे आवाज यायचे आणि पडद्यावर दोन बटणं यायची, गंमत आणि राग. काकू दाबायच्या. बदल्यात अमोलला दाखला मिळाला, मग नोकरी.

त्यांच्या बाजूनं एक सांगायला हवं. वर्षभरात त्यांनी शेकडो वेळा 'गंमत' दाबलं. कॉलनीतलीच प्राजक्ता नवऱ्याला आणि व्यवस्थेला एकाच शिवीत गुंडाळायची, तेही गंमत. मी स्वतः काय काय बोलले असेन. या बाईनं आम्हाला वाचवलं, हेही खरं आहे, आणि मला ते आवडत नाही.

पण अण्णांच्या वेळी घोटाळा झाला. अण्णा निवृत्त शिक्षक, जिभेला हाड नाही. काकूंच्या पोह्यांवर त्यांचा खास डोळा. भिंतीवरून बशी यायची आणि अण्णा ओरडायचे, "सुलू, मीठ काय दिवाळीला घालणार?" काकू पलीकडून म्हणायच्या, "तुमची जीभच फालतू आहे, अण्णा!" असं वीस वर्षं चाललं. भादव्यात एक दिवस अण्णा जेवताना म्हणाले, "ही व्यवस्था म्हणजे सुलूचे पोहे. वर शेव, वर कोथिंबीर, दिसायला पिवळेधमक, आणि तोंडात घातले की चव नाही!" आम्ही सगळे हसलो.

शुक्रवारी काकूंनी ते ऐकलं. व्यवस्थेचं सोडा, पोह्यांचं झोंबलं. त्याच सकाळी आम्हाला बशी पाठवून गेल्या होत्या ना! पडद्यानं विचारलं, गंमत की राग? काकूंनी राग दाबलं. एखादी नोटीस येईल, म्हातारा दोन दिवस घाबरेल, एवढाच त्यांचा हिशेब. दुसऱ्या दिवशी दुपारी गाडी आली.

चाळीस दिवसांनी अण्णा घरी आले. खुर्चीवर बसवलं की बसायचे. काहीही विचारलं तरी उत्तर एकच, "उत्तम आहे." चौथ्या दिवशी काकू पोहे घेऊन आल्या. त्यात त्यांनी मुद्दाम मूठभर मीठ घातलं होतं, हे मला नंतर कळलं. अण्णांनी शांतपणे बशी रिकामी केली.

"खारट आहेत ना, अण्णा? एकदा सांगा तर!"

"उत्तम आहे."

बशीच्या कडेला दोन-चार शितं राहिली होती. काकूंनी ती तोंडात टाकली, आणि माझ्यासमोर त्यांचा चेहरा असा झाला की मी पाणी आणायला धावले. परत आले तर बाई निघून गेली होती. त्यानंतर त्यांचे गुडघे कधी शेकले गेले नाहीत.

यंदा संक्रांतीच्या आधी खात्याचा माणूस त्यांच्या घरी आला. शैलेंद्र त्याचं नाव, तिशीचा, काकूंना काकीजी म्हणायचा. सोबत चहाच्या एक्केचाळीस गाळण्या. या वर्षीचं वाण. काकूंनी त्या ठेवून घेतल्या, त्याला तिळगूळ दिला आणि अमोलला फोन लावून सांगितलं, आता हे बास.

"आई, माझी नोकरी जाईल," अमोल म्हणाला.

"जाईल."

"मग मी काय करू?"

"ते नंतर बघू, बेटा. तू घाबरू नको. पण मी अण्णांचं मीठ काढून घेतलं रे."

अमोलनं फोन ठेवला. पुन्हा केला नाही.

मग कॉलनीच्या ग्रुपवर काकूंचा निरोप आला. रथसप्तमीला हळदीकुंकू आहे, येताना मागच्या वर्षीचा करंडा घेऊन यावा. अहो, काय गहजब झाला! दिलेलं वाण परत मागितल्याचं कोणी ऐकलंय? प्राजक्ता म्हणाली, "पुढच्या वर्षी तिळगूळही ओकून द्यायचा का?" पण आल्या सगळ्या. अपमान करून घ्यायला नव्हे, करायला. प्राजक्ताचा करंडा तिच्या नणंदेकडे देवासला गेला होता. तो काकूंनी आदल्या दिवशी त्या गुडघ्यांनी बसमधून जाऊन, बदल्यात स्वतःची चंदेरी साडी देऊन आणला.

दिवाणखान्यात पाटावर एक्केचाळीस मोर मांडले गेले. काकूंनी प्रत्येकीला हळदीकुंकू लावलं आणि उभं राहूनच सगळं सांगितलं. मोर, देवास गेट, बटणं, अमोल, पोहे. मध्ये रडल्या नाहीत. रडल्या असत्या तर मी तिथेच त्यांचा गळा धरला असता. तरी मी उठलेच. हळदीची वाटी माझ्या हातात होती आणि ती मला त्यांच्या तोंडावर मारायची होती.

"मार, देवश्री," त्या म्हणाल्या. "फक्त आधी मला बोलू दे."

कोणीतरी ओरडलं, करंडे बादलीत बुडवा.

"नको," काकू म्हणाल्या. "वर्षभर यांनी चोरून ऐकलं. आज आपण ऐकवू."

त्या पाटासमोर बसल्या. गुडघे मोडून बसायला त्यांना किती वेळ लागला! मग खणखणीत आवाजात मोरांना म्हणाल्या, "मी सुलोचना विनायक पागनीस. अण्णा गंमत करत होते. मी राग लिहिला. ते खोटं होतं. आमच्या घरांत चोरून कान ठेवता, चांगल्या हसत्या माणसाचा दगड करून परत पाठवता. लाज वाटत नाही? मला वाटते. तुमच्या गाळण्या मी कोणाला देणार नाही. काय करायचं ते करा."

पंचवीस मिनिटांत गाडी आली. विनायककाका दारात उभे राहून विचारत होते, "कोण आलंय? पाहुणे आहेत का?" शैलेंद्र आत आला, हातात पाकिटाएवढा पडदा, कपाळाला घाम. बायकांकडे न बघता तो काकूंजवळ उकिडवा बसला.

"काकीजी, मशीन पूछ रही है. मैं मज़ाक लिख देता हूँ. आपने बस मज़ाक किया. अमोल भैया की नौकरी भी बच जाएगी. बोलो हाँ."

त्याच्या पडद्यावर दोन बटणं चमकत होती. मी काकूंकडे बघत होते आणि मनात म्हणत होते, हो म्हणा, बाई, हो म्हणा. ज्या बाईला मी मारायला उठले होते तिच्यासाठी.

"बेटा," काकू म्हणाल्या, "इस कॉलोनी में मज़ाक कौन-सा और गुस्सा कौन-सा, ये साल भर मैंने ही बताया है ना? एक बार गलत बताया. अब सही बताती हूँ. ला इधर."

त्यांनी त्याच्या हातातला पडदा ओढून घेतला, चष्मा वर सरकवला आणि बोट नीट टेकवून 'राग' दाबलं.

शैलेंद्र पडदा परत घ्यायला वाकला, तेवढ्यात तो मी घेतला. माझ्या बोटाला हळद लागलेली होती, तरी 'राग' दाबलं गेलं. मागे वळून बघितलं तर प्राजक्ता हात पुसत उभी होती, आणि तिच्या मागे बाकीच्यांची रांग.