डिझेलच्या टाकीचं कुलूप

माझा साळा माझ्या पिकअपमधलं डिझेल चोरतो, असं मी भर जेवणात बायकोला सांगितलं. साळा समोरच बसून वरण-भात खात होता.

हा साळा म्हणजे नामदेव. आमची जुनी पिकअप तोच चालवतो, सावलीहून आलापल्लीच्या आठवडी बाजाराला भाजी नेतो. मी मालक. म्हणजे गाडी येता-जाताना कमरेवर हात ठेवून बघतो. पूर्वी ही गाडी लिटरला तेराचं ॲव्हरेज द्यायची. मग मंडई, म्हणजे गावची दिवाळीनंतरची जत्रा झाली, रात्रीचं नाटक झालं (नाटक समितीचा अध्यक्ष मीच! जाहिरातीचा प्लायवूडचा दांडगा बोर्ड कॅबिनच्या डोक्यावर अजून उभाच होता. नाटकाचं नाव बोटभर, माझा फोटो पुरुषभर!) आणि तेव्हापासून ॲव्हरेज आठ-नऊवर घसरलं. मधलं डिझेल जातं कुठे? मी नामदेवच्या पोटाकडे रोखून पाहिलं.

त्यानं ताट सरकवलं. "भाऊजी, डिझेल का तर्री होय का, मी पेऊन राह्यलो?"

बायको, रंजना, अगदी थंडपणे म्हणाली, "पकडा चोर. पन माहा भाऊ चोर नाई निंगाला, तं भर चौकात त्याचे पाय धराल. नाई तं तो चालला आपल्या गावाले. मंग गाडी तुमीच चालवजा!"

मला गाडी चालवता येत नाही. एकदाच प्रयत्न केला होता. शेजाऱ्याचं न्हाणीघर तेव्हापासून उघड्यावर आहे.

आधी गाडी मिस्त्रीकडे नेली. त्यानं एअर फिल्टर झटकला, ब्रेक चिकटतो का पाहिलं, इंजेक्टर तपासले, चाकांत हवा भरली.

"टकाटक आहे भाऊ गाडी."

"मग डिझेल जातं कुठे?"

"भूतबित पेत असन बा!"

असल्या अडाण्याशी कोण डोकं लावणार? तपास मी स्वतःच्या हाती घेतला. तेराच्या हिशेबानं आलापल्लीला पोचून वर उरेल एवढं डिझेल टाकीत घातलं, झाकणाला कुलूप ठोकलं आणि किल्ली थेट कमरेच्या करगोट्याला बांधली. सापळा इतका पक्का, की मी स्वतःची पाठ थोपटायला गेलो. (हात पुरला नाही.)

बाजाराच्या दिवशी गाडी पहाटेच गेली. दुपारी नामदेवचा फोन.

"भाऊजी, आलापल्लीच्या पंपावर उभा आहो. धक्का मारत आनली गाडी. टाकी कोरडी ठन्न!"

"मग भर ना!"

"कशी भरू? किल्ली कुठी आहे?"

मी कंबर चाचपली.

"आन् एक सांगा भाऊजी. कुलूप तुमचं, किल्ली तुमच्या कमरेले. तं मंग डिझेल कोनं पेलं?"

फोनमध्ये खरखर येते असं सांगून मी बस पकडली.

पंपावर बाजारातून परतणारं अर्धं जंगल जमलं होतं. मी सदरा वर केला, पँट सैल केली. करगोट्याची गाठ सुटेना, तुटेना!

"अरे, ओढ ना जोरानं!"

"मी काऊन ओढू? किल्ली येत नसन तं तुमीच जा कुलपाजवळ!"

आणि मी, नाटक समितीचा अध्यक्ष, डिझेलच्या टाकीला कंबर भिडवून उकिडवा बसलो! कुलूप उघडलं तेव्हा टाळ्या पडल्या. आमच्या नाटकालाही एवढ्या पडल्या नव्हत्या.

टाकी काठोकाठ भरून निघालो. पंपापासून जरा दूर येतो न येतो तोच समोरून ट्रक आला. नामदेवनं गाडी कडेला घेतली आणि एका मोहाच्या फांदीनं बोर्ड फाडकन आडवा केला. मी किंचाळून गाडी थांबवली. फोटोचं नाक गेलं होतं! मी जड अंतःकरणानं स्वतःला मागच्या हौद्यात निजवलं, वर ताडपत्री घातली. त्यानंतर गाडी दावं सुटलेल्या वासरासारखी पळाली. मला वाटलं, घाबरली मला.

सावलीला पुन्हा टाकी काठोकाठ भरली. ॲव्हरेज तेराच्या वर!

"पाहिलंस?" मी अंगणातूनच ओरडलो. "माझं कुलूप! माझी नजर! आलं की नाही ॲव्हरेज?"

नामदेवनं फक्त ताडपत्री ओढली. रंजनानं आधी बोर्ड पाहिला, मग कॅबिनचा बोडका टप.

"हे कधी पडलं जी?"

"येताना."

"जाताना उभं होतं?"

"हो."

"आन् लावलं कधी होतं?"

"मंडईच्या..." मी थांबलो. माझं पुरुषभर थोबाड वाऱ्याला आडवं धरून ती बिचारी गाडी मंडईपासून धावत होती, जास्तीचं डिझेल त्यातच जळत होतं.

चौकात मी नामदेवचे पाय धरले. अख्खं गाव होतं. बोर्डाशिवायच जमलं होतं! रंजना मागून म्हणाली, "मले इचारलं असतं, तं पह्यल्याच दिवशी सांगतलं असतं. हे तोंड वागवाले किती जड जाते, ते लग्न झाल्यापासून मीच तं पाहून राह्यली!"