बेल वाजली की

हे मी आजवर कुणापाशीच बोलले नाही. आमच्या ह्यांच्यापाशीही नाही — त्यांच्यापाशी तर मुळीच नाही. तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

मी जात्याच संशयी. दूधवाल्याचं माप, भाजीवालीचा काटा — माझा कशावरच भरवसा बसत नाही. त्यात आम्ही नवीन पनवेलला फ्लॅटमध्ये राहायला आलो, तेव्हा जमिनींचे भाव चढलेले. पळस्प्याजवळचा आमचा तुकडा सासूबाईंच्या नावावर, आणि दर आठवड्याला कुणीतरी कागद घेऊन दारात हजर. गोडगोड बोलायचं आणि म्हातारीचा अंगठा मागायचा.

अशातच ती मुलगी आली. गळ्यात ओळखपत्र, हातात फॉर्म. म्हणाली, राज्य सरकार ज्येष्ठांसाठी योजना आखतंय — डोळे, गुडघे, व्यायाम, उठायबसायला जागा. घरात साठीच्या पुढचं कोण आहे?

सरकार आपण होऊन म्हातारीचे गुडघे विचारायला येतं? मला हसूच आलं. मग फॉर्मच्या खाली अंगठ्याची चौकट दिसली, आणि माझं डोकं फिरलं.

"कुणी नाही," म्हटलं. तिथंच थांबता आलं असतं ना? पण तिची नजर दाराशेजारच्या वहाणांवर गेली. सासूबाईंच्या, झिजलेल्या. आणि मी बोलून गेले — "सासूबाई होत्या. वारल्या."

मुलगी बिचारी ओशाळून गेली. मी दार लावून वळले, तर पडद्यामागे सासूबाई. हातात पाण्याचा पेला.

"पोरीला पानी नाय दिलंस?" एवढंच म्हणाल्या.

मग मला त्यांचाच संशय. मुलाला सांगतील का? कधी सांगतील? कितीतरी दिवस मी मायलेकांना एकटं सोडलं नाही. त्या बोलल्या नाहीत.

पुढे समोरच्या बागेत तपासणीचा मंडप उभा राहिला. शेजारच्या आजोबांचा मोतीबिंदू निघाला. म्हातारी माणसं सकाळी व्यायामाला जमू लागली — म्हणजे ते सगळं खरं होतं. सासूबाईंनाही तेव्हा धुरकट दिसायला लागलं होतं. पण वारलं म्हणून सांगितलेलं माणूस घेऊन मी कुठल्या तोंडानं जाणार? वयानं होतं, असं ह्यांना सांगितलं. त्यांना पटलं. मला लाज वाटत होती, आणि आईंच्या डोळ्यांपेक्षा मी ती लाज जपली.

ती मुलगी येऊन गेली त्या दिवसापासून बेल वाजली की सासूबाई उठायच्या. गुडघ्यांवर हात टेकत आतल्या खोलीत जायच्या आणि दार लोटून घ्यायच्या. दूधवाला असो, पाहुणा असो. मी त्यांना जा म्हटलं नव्हतं. शेवटी काहीच दिसेनासं झालं, तरी भिंत चाचपत जायच्या. खरंच वारल्या तोपर्यंत, सहा वर्षं.

"आई, बसा" — एवढं म्हणायचं होतं. मी एकदाही म्हटलं नाही.