तेल खाली उतरू द्या

धुळ्याच्या देवपूरहून शोभाताईंचा फोन आला तेव्हा मी जळगावला आमच्या गॅलरीत अर्धी दाढी करून उभा होतो. शोभाताई म्हणजे माझ्या सासूबाईंच्या, अक्कांच्या, शेजारीण. फोन सुनीतानं, माझ्या बायकोनं, घेतला. मी साबणाच्या तोंडानं आत गेलो, तेव्हा तिनं फक्त मान हलवली. अक्का गेल्या होत्या. सकाळी चहा ठेवला, गॅस बंद केला, खुर्चीत टेकल्या आणि संपलं. पुढच्या अर्ध्या तासात काय काय झालं ते मला नीट आठवत नाही, पण एक गोष्ट आठवते, कारण सुनीता ती आता प्रत्येक नातेवाइकाला सांगते. धुळ्याला जायला भाड्याची गाडी दारात आली आणि मी ड्रायव्हरला पहिलं वाक्य बोललो ते असं, "ऑइल बघितलंत का?" तो बिचारा माझ्या अर्ध्या दाढीकडे बघत राहिला. "काका, गाडी नवी शे," म्हणाला. "नवी असली तरी बघा." सुनीता रडता रडता ओरडली, "आई गेली आणि तुम्हाला ऑइल सुचतंय?" मला दुसरं काही सुचत नव्हतं हेच खरं. अक्कांच्या जावयाला हायवेवर निघताना दुसरं काही सुचायला अक्कांनी शिकवलंच नव्हतं.

अक्का देवपुरातल्या मुलींच्या शाळेत मुख्याध्यापिका होत्या. सासरे गेले तेव्हा त्यांची पांढरी छोटी गाडी अंगणात उभी राहिली. ती विकावी असं सगळ्यांनी सुचवलं, तर अक्कांनी पन्नाशी ओलांडल्यावर ड्रायव्हिंगचा क्लास लावला. मला त्या वयाच्या बायकांनी गाडी शिकण्याबद्दल काही आक्षेप नव्हता, फक्त त्या गाडीत मला बसवलं जाऊ नये एवढीच अपेक्षा होती. ती पहिल्याच महिन्यात धुळीला मिळाली. माझ्याकडे लायसन्स होतं, पण ते मी ओळखपत्र म्हणून वापरायचो. हायवे दिसला की माझे तळहात ओले होतात. त्यामुळे कुठंही जायचं झालं की सासूबाई स्टिअरिंगवर आणि जावईबापू शेजारी, पोटाशी डबा धरून, असं ते दृश्य असायचं. पारोळ्याचे आमचे एक नातेवाईक मला तोंडावर विचारायचे, "काय हो, आज सासूबाईंनी कुठं आणलं तुम्हाला?"

निघण्याआधी अक्कांचा एक विधी असे. गाडी अंगणातल्या फरशीवर, सपाट जागी. बॉनेट उघडायचं. ऑइलची पट्टी ओढून काढायची, सासऱ्यांच्या जुन्या धोतराच्या तुकड्यानं स्वच्छ पुसायची, परत तळापर्यंत घालायची आणि मग काढून बघायची. पट्टीवर दोन खुणा, तेल त्यांच्या मध्ये हवं. वाटेत पारोळ्याला चहाला थांबलो की पुन्हा तेच. पण तेव्हा लगेच नाही. चालत्या इंजिनात तेल वर सगळीकडे गेलेलं असतं, ते खाली यायला वेळ लागतो. अक्कांचं माप ठरलेलं होतं, बशीतून चहा पिऊन होईपर्यंत. मी घाई केली की म्हणायच्या, "घाई कशाले, जवाईबापू? गाडीले दम खाऊ द्या." अक्का मजेत असल्या की अहिराणी बोलायच्या. शाळेतली प्रमाण मराठी बाहेर आली की समजायचं, प्रकरण गंभीर आहे. शाळेतल्या मुली त्या मराठीला घाबरायच्या म्हणे. मी तर सरकारी नोकरीत खुर्ची मिळवलेला माणूस, मीही घाबरायचो.

चारेक वर्षांपूर्वीची गोष्ट असेल. अक्का काही दिवस आमच्याकडे राहायला येणार होत्या. "आईला एकटीला हायवेवर पाठवायचं नाही, तुम्ही सोबत जा," असं सुनीतानं फर्मावलं. सोबत म्हणून माझा उपयोग डॅशबोर्डवरच्या नारळाइतका, पण मी एसटीनं देवपूरला गेलो. सकाळी अक्कांनी बॉनेट उघडलं. गेल्या काही महिन्यांत मला त्यांच्यात एक बदल दिसत होता. त्या पट्टी हातभर लांब धरत, उन्हाकडे वळवत आणि मान तिरकी करून डोळ्याच्या कोपऱ्यातून बघत. वय झालं, चष्म्याचा नंबर वाढला असेल, असं मी स्वतःला सांगत होतो. त्या दिवशी मी त्यांच्या खांद्यामागं उभा होतो. पट्टीचं टोक जेमतेम ओलं होतं, खालच्या खुणेच्याही खाली. आणि अक्का म्हणाल्या, "भरपूर शे."

"अक्का, मला कमी वाटतंय..."

"मी काय आंधळी शे का? मले बठ्ठं दिसस."

बॉनेट धाडकन बंद झालं. त्यांना सगळं दिसतं म्हटल्यावर मी डबा घेऊन गाडीत बसलो. काळजी मला तेव्हाच लागली, पण ती इंजिनाची नव्हती. हातात धरलेल्या पट्टीवरची खूण जिला दिसत नाही तिला रस्त्यावरचं काय दिसत असेल, हा विचार एकदा आला आणि मग गेलाच नाही.

पांझरा नदीवरचा पूल ओलांडला, गाव मागं पडलं आणि हायवे लागला. किल्ली हिसकावून घ्यायची माझी छाती नव्हती, अक्कांना स्पष्ट विचारायची त्याहून नव्हती. मग मी एक भित्र्या माणसाचा उपाय काढला. मी रस्त्यावरच्या वस्तूंचं कौतुक करू लागलो. "वा, काय केळीचा ट्रक आहे समोर! अगदी समोर." "अक्का, डावीकडची ती म्हैस बघा, किती तरणीताठी... येतेय बघा रस्त्यावर." "सायकलवाला बघा, डोक्यावर काय सुंदर फेटा आहे!" दर वेळी अक्का "हो ना" म्हणायच्या आणि गाडी ऐन वेळी बाजूला सरकायची. एकदा कापसाच्या गाठी लादलेला ट्रॅक्टर इतक्या जवळून गेला की माझ्या मांडीवरचा डबा खाली पडला. मला वाटलं, आज माझं कौतुक एक क्षण जरी थांबलं तरी आपण संपलो... आपण तरी किंवा तो सायकलवाला तरी. कौतुक करायला विशेषणं पुरेनात. तेवढ्यात एका वळणावर डॅशबोर्डवर तेलाच्या डब्याचं चित्र असलेला लाल दिवा लुकलुकला. विझला, परत लागला. मी अक्कांकडे पाहिलं. तो दिवा त्यांच्या नाकासमोर होता आणि त्या शांतपणे समोर बघत होत्या.

"चहा!" मी किंचाळलो. "अक्का, मला आत्ताच्या आत्ता चहा पाहिजे!"

पारोळ्याजवळच्या एका टपरीवर गाडी थांबली. मी उतरलो आणि थेट बाकड्यावर जाऊन बसलो. अक्का समोर बसल्या, बशीत चहा ओतला आणि फुंकर घालत म्हणाल्या, "आज म्हशी भलत्याच आवडी राहिन्यात तुम्हले?" मी हसण्याचा प्रयत्न केला. चहा संपला तशा त्या उठल्या, बॉनेट उघडलं, पट्टी काढली, पुसली, घातली, पुन्हा काढली. उन्हाकडे धरली. मग तिच्या टोकावरून हळूच बोट फिरवलं, बोटाकडे बघत राहिल्या... आणि पट्टी माझ्यासमोर धरली.

"दखा बरं, तेल किती शे?"

"खालच्या खुणेच्या खाली आहे, अक्का."

"हं." त्यांनी पट्टी खाली केली. "भीती वाटनी का वाटमा?"

"वाटली."

"कोनी? गाडीनी का मनी?"

"गाडीची आणि तुमची, दोन्हींची," मी म्हणालो. त्या हसल्या आणि मग एकदम प्रमाण मराठी सुरू झाली. मी बाकड्यावर ताठ बसलो.

"सकाळी तुम्ही बरोबर सांगितलं होतं. कडेचं दिसतं मला, पण जिथं बघते तिथंच पुसल्यासारखं होतं. पट्टीवरच्या खुणा दिसेनाशा झाल्या तेव्हाच मला कळलं. पण किल्ली एकदा खुंटीला लावली की मी पण खुंटीलाच लागणार. त्याची भीती वाटत होती." त्यांनी बोट धोतराच्या तुकड्याला पुसलं. "आज तुम्ही ज्या म्हशींचं कौतुक करत होतात ना, त्यांतली एकही मला दिसली नव्हती. तुम्ही बोललात म्हणून कळलं, तिथं काहीतरी आहे."

त्या बाकड्यावर बसून मी जेवढा घाबरलो तेवढा आयुष्यात परत कधी घाबरलो नाही. जे टळलं ते आता समजलं होतं. पण अक्कांनी मला घाबरत बसायलाही सवड दिली नाही. डिकीतून ऑइलचा डबा काढायला लावला. मी भीतीच्या भरात सगळाच डबा उपडा करणार होतो, तर माझं मनगट धरलं. "थोडं ओता. थांबा. तेल खाली उतरू द्या, मग बघा, मग पुन्हा थोडं. घाबरलेला माणूस नेहमी जास्त ओततो. वरच्या खुणेच्या वर गेलं तर तेही इंजिनाला वाईटच." थोडं ओतत, थांबत, बघत आम्ही त्या दोन खुणांच्या मध्ये आलो. मग त्यांनी गाडीच्या पुढून फेरी मारली आणि माझ्या दाराशी, डाव्या बाजूला येऊन उभ्या राहिल्या. किल्ली माझ्या हातात होती. ती कधी दिली मला आठवत नाही.

पारोळ्याहून जळगावपर्यंत मी गाडी इतकी हळू आणली की आम्हाला एक बैलगाडी ओलांडून गेली असं अक्का नंतर सांगत, ते साफ खोटं आहे. ती ट्रॅक्टरची ट्रॉली होती. वाटेत एरंडोलच्या पुढं मी चोरून पाहिलं तर त्यांनी डोळे मिटले होते आणि मांडीवरचे हात अजून स्टिअरिंग धरल्यासारखे वळलेले होते.

पुढं डॉक्टर झाले, डोळ्यांत इंजेक्शनं झाली. आहे ते टिकलं, गेलेलं आलं नाही. गाडी मात्र अक्कांनी विकू दिली नाही. मी देवपूरला गेलो की मला बॉनेट उघडायला लावायच्या, "तेल किती शे?" विचारायच्या आणि पुलावरून एक चक्कर मारून आणायला सांगायच्या. शेजारी बसून मला हसायच्या. माझे तळहात तेव्हाही ओलेच असायचे, अजूनही असतात.

दिवसकार्य आटोपल्यावर गाडीचं काय करायचं हा प्रश्न आला. सुनीता म्हणाली, जळगावला नेऊ. मी अंगणात गेलो. गेली चारेक वर्षं गाडी नुसती उभी होती, मधून मधून माझ्या त्या चकरा सोडल्या तर. आतलं तेल काळं, घट्ट झालं असणार अशी माझी समजूत. पट्टी काढली, पुसली, परत घालून काढली... तेल मधाच्या रंगाचं होतं. कोरं. इतकं स्वच्छ की पट्टीवरची खूण त्याच्याखालून दिसत होती. मी बघतच राहिलो. शोभाताई कुंपणापलीकडून म्हणाल्या, "अहो, अक्कांनी जायच्या आदल्याच आठवड्यात मेकॅनिकला घरी बोलावलं होतं. तो म्हणाला, अक्का, गाडी फिरतेच कुठं, ऑइल कशाला बदलायचं? तर म्हणाल्या, फिरेल."

गाडी आता आमच्या दारात असते. ती मीच चालवतो. दुसरं कोण चालवणार? सकाळी बॉनेट उघडून उभा राहिलो की सुनीता गॅलरीतून विचारते, "किती आहे?" मी सांगतो. एक गोष्ट तिला सांगत नाही. मधाचा रंग हळूहळू उतरतोय, तेल तपकिरी व्हायला लागलंय. ते व्हायचंच, चालणाऱ्या गाडीत तेल काळं होतं. एक दिवस आमचा मेकॅनिक गाडीखाली सरकेल, नट सोडेल, आणि अक्कांनी भरलेलं सगळं तेल एका पत्र्याच्या डब्यात उतरेल. मला हायवेपेक्षा आता त्या दिवसाची जास्त भीती वाटते. गाडी उभीच ठेवावी असंही एकदोनदा मनात आलं... पण फिरेल म्हणून सांगितलंय त्यांनी. मी पट्टी पुसतो, जागेवर बसवतो, हात पँटला पुसतो आणि गाडी काढतो.