कोयतेवालीला आणायला गेले

श्रावणात ताई वारली. तिच्या शाळेला सुट्टी दिली. मी लातूरच्या घरी तिच्या चित्रासाठी भिंतीत खिळा ठोकला.

ताई मुदखेडजवळच्या एका वस्तीवर शिक्षिका होती. तिच्या हातचं एकच चित्र उरलं होतं, तेही तिथंच. ते आणायला खंडेनवमीला एसटीत बसले.

चाकूरला गाडी चहाला थांबली. दुःखात भूक मरते असं मी पुस्तकांत वाचलं होतं. भज्यांची दुसरी प्लेट मागवली. नांदेडला गाडी बदलताना छत्री आधीच्या एसटीत राहिली.

चित्र एका दूरच्या बेटावरच्या बाईचं. गोऱ्या मालकांच्या उसात राबणारी गुलाम. मालकाचाच कोयता घेऊन ती डोंगरात पळाली, मागून बाकीच्या गुलामांनाही सोडवून नेलं, शिपायांशी लढली. ताई हे वर्गात सांगायची. दारात उभ्या आयाही ऐकायच्या. त्या सगळ्या ऊसतोडीला जाणाऱ्या.

वस्तीत लिंबाखाली पाटावर चित्र उभं होतं. पुढं हळदकुंकू लावलेल्या कोयत्यांची रांग. चित्रातल्या बाईच्या कपाळावर कुंकू, नाकात बॉलपेनानं काढलेली नथ, गळ्यात मंगळसूत्र.

"हे कुणी केलं?"

"आम्हीच की," टोळीतल्या थोरल्या सखूबाई म्हणाल्या. "बाईमाणूस बिनकुकवाची कशी बसवावी?"

"अहो, तिला नवरा होता की नाही, कुणास ठाऊक!"

"नसंना का. कोयता हाय न्हवं?"

सगळ्या खिदळल्या.

"तुमच्या ताई बी अशाच वरडल्या. मंग म्हन्ल्या, नथ जरा डावीकडं घ्या."

मी चित्र न्यायला आलेय, हे सांगितलं. हसू थांबलं.

"न्या की. तुमच्या भैनीचं हाय." सखूबाईंनी पदरानं चौकट पुसली. "मागल्या साली ही फडावर आमच्या पाचटाच्या कोपीत व्हती. मुकादमानं एका पोरीवर हात टाकला. आम्ही साऱ्याजणी हिच्या पाया पडलो अन् कोयते घेऊन त्याच्या म्होरं हुभ्या राहिलो. एक बी मारला न्हाई. त्यो ट्रॅक्टरखाली घुसला."

"अजून तिथंच आहे?"

"हाव, निघायचं नाव घेईना!" मागून कुणीतरी म्हणालं.

टोळी परवा निघणार होती. चित्र मी हातात घेतलं, नथीकडं पाहिलं. ती अजूनही फारच उजवीकडं होती. चित्र परत पाटावर ठेवलं. बायकांनी माझी ओटी भरली आणि रिक्षापर्यंत सोडायला आल्या.

कोयतेवाली आता उसात आहे. माझ्याकडं खिळा आहे. त्याला मी भाजीची पिशवी अडकवते.